जोडीदारासोबत जुनं हॉलिवूड: सुरुवात कुठून आणि कशी करायची

साधारण १९३० ते १९६५ या काळातले हॉलिवूडचे सिनेमे तुम्हाला मनापासून आवडतात आणि नवऱ्याला किंवा बायकोला त्यांचा गंधही नाही, अशी तुमची परिस्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या घरात ही आवड आधी माझी एकटीची होती. नवरा मराठी नाटकं आणि जुनी हिंदी गाणी यांत रमणारा. कृष्णधवल इंग्रजी सिनेमा म्हटला की त्याला अभ्यासाला बसवल्यासारखं वाटायचं. आता शनिवारी रात्री कोणता सिनेमा लावायचा यावर तो माझ्याशी तावातावाने वाद घालतो. इथवर कसं पोहोचता येतं, ते क्रमाने सांगते.

पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे. सिनेमा निवडताना ‘सर्वश्रेष्ठ शंभर’ची यादी बाजूला ठेवा आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला आधीपासून जे आवडतं, तिथून जुन्या हॉलिवूडकडे जाणारी एखादी वाट निघतेच. ती शोधायचं काम तुमचं.

काय काय लागेल

- दोघांनाही झोप येत नसेल अशी, दोन तासांची एक संध्याकाळ
- टीव्ही आणि त्याचा रिमोट (सेटिंग्ज बदलायच्या आहेत, टप्पा ३ पाहा)
- इंग्रजी सबटायटल्स असलेली चांगली प्रत
- साउंडबार असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही
- एक साधी वही
- फोन ठेवायला दुसरी खोली

१. आधी जोडीदाराची आवड नीट ओळखा

‘त्याला विनोदी आवडतं’ एवढ्यावर थांबू नका. विनोदातही शाब्दिक चकमक आवडते की धावपळ, गोंधळ आणि वेषांतर? रहस्यकथेत खुनी कोण हे शोधायला आवडतं, की खुनी माहीत असताना तो सापडेल का याची धाकधूक? गाणी ऐकायला आवडतात की नाच बघायला? आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा. कोणत्या जुन्या सिनेमाचं नाव निघालं की ती व्यक्ती आपणहून बोलू लागते, हे टिपून ठेवा. पहिला सिनेमा तिथेच सापडेल.

२. पहिला सिनेमा: ओळखीच्या दारातून आत न्या

आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात मोठा फायदा आहे. जुन्या हॉलिवूडच्या कितीतरी गोष्टी हिंदी-मराठीतून आपल्या घरात आधीच येऊन गेल्या आहेत.

जुन्या हिंदी गाण्यांचा शौक असेल तर ‘चोरी चोरी’ (१९५६) पाहिलेला असतोच. राज कपूर, नर्गिस, शंकर-जयकिशन, ‘आजा सनम मधुर चाँदनी में हम’. त्या कथेचं मूळ म्हणजे फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४). श्रीमंत बापाची पळालेली मुलगी, नोकरी गमावलेला पत्रकार आणि मायामीहून न्यूयॉर्ककडे निघालेली रात्रीची बस. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांच्यातली खडाजंगी आजही ताजी वाटते. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही ऑस्कर या एका सिनेमाला मिळाले. नव्वदच्या दशकात वाढलेल्या जोडीदाराला हीच गोष्ट ‘दिल है कि मानता नहीं’मधून (१९९१) ठाऊक असेल. आमची सुरुवात इथूनच झाली. खोलीत दोन पलंगांमध्ये दोरी बांधून त्यावर चादर टाकण्याचा प्रसंग आला तेव्हा नवरा सावरून बसला, आणि मग शेवटपर्यंत त्याला हिंदीतला जुळणारा प्रसंग आठवत राहिला. ओळखीची गोष्ट असली की भाषेचा आणि काळाचा अडसर निम्म्याने कमी होतो.

नाटकाची आवड असेल तर दोन वाटा आहेत. पहिली ‘माय फेअर लेडी’ची (१९६४). पुलंचं ‘ती फुलराणी’ आणि हा सिनेमा, दोन्ही बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधून आलेले. भक्ती बर्वेंच्या आवाजातलं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ ज्यांच्या कानात आहे, त्यांना ऑड्री हेपबर्नची एलायझा प्राध्यापकावरचा राग गाण्यातून काढते तेव्हा तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे, पण मूळ सिनेमातच मध्यंतर आहे. तिथे थांबा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा.

दुसरी वाट सिडनी लुमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ची (१९५७). एक खोली, बारा ज्युरर, एका मुलाचं आयुष्य पणाला लागलेलं, आणि अवघी ९६ मिनिटं. बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ याच कथेवरचा. ज्युरी म्हणजे काय (खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक) हे आधी एका वाक्यात सांगून ठेवा. १९५९च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला होता. या सिनेमात मात्र बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं आणि सगळा ताण त्यातूनच येतो. नाटकवेड्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगा. लुमेटने सिनेमा पुढे सरकेल तसा कॅमेरा खाली आणला आणि लेन्स बदलत नेल्या. त्यामुळे खोली हळूहळू आकसल्यासारखी वाटते. रंगमंचावर न करता येणारी ही किमया नाटकवाल्याला लगेच भिडते.

घरात ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद पाठ असतील तर बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) लावा. दोन्ही कथांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, ‘बनवाबनवी’ आली ‘बीवी और मकान’वरून. पण पुरुषांनी साडी किंवा झगा नेसून निभावून नेण्यातली धमाल तीच. शिकागोतलं हत्याकांड डोळ्यांनी पाहिलेले दोन वादक जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, आणि तिथे असते मेरिलिन मन्रो. ‘रंग असताना कृष्णधवल का?’ असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार ठेवा: पुरुषांच्या चेहऱ्यावरचा बायकी मेकअप रंगीत चाचणीत हिरवट दिसत होता. शेवटचं वाक्य मात्र काही केल्या आधी सांगू नका.

इंग्रजीचा अडसर मोठा असेल, किंवा घर लहान आणि सासू-सासरे, मुलं सगळी एकाच खोलीत असतील, तर चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१). बोलपट रुळल्यावरही चॅप्लिनने तो मूक ठेवला आणि संगीत स्वतः रचलं. दीड तासात संपतो आणि घरातल्या प्रत्येकाला कळतो.

सापळा: ‘सिटिझन केन’ पहिलाच लावणं. सिनेमा थोरच आहे, पण त्याची थोरवी कळायला त्याआधीचं थोडं पाहिलेलं असावं लागतं. ‘गॉन विथ द विंड’ही पहिला नको, जवळपास चार तास नवख्या माणसाला बसवून ठेवणं बरं नव्हे.

३. टीव्ही नीट लावून घ्या

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग ‘जुना सिनेमा डोळ्यांना त्रास देतो’ अशी तक्रार येते. दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो.

चित्राचा आकार: १९५३च्या आधीचा हॉलिवूड सिनेमा जवळपास चौकोनी असतो. रुंद पडद्याचं सिनेमास्कोप ‘द रोब’पासून, म्हणजे १९५३पासून आलं. त्यामुळे जुना सिनेमा लावल्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर ते बरोबर आहे. पडदा भरावा म्हणून ‘स्ट्रेच’ केलंत तर माणसं बुटकी आणि जाड दिसतात, ‘झूम’ केलंत तर डोकी कापली जातात. ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ यासारखा पर्याय निवडा.

हालचाल: नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी सोय चालूच येते. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो. तिच्यामुळे सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित झालेला सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो एकच लावला की हे सगळं एकदम जागेवर येतं.

आवाज: हे सिनेमे बहुतेक मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचे आहेत. सराउंडचे परिणाम बंद ठेवा आणि संवाद ठळक करणारा पर्याय लावा. पंख्याचा वेगही कमी करा. त्या काळातल्या विनोदी सिनेमांत पात्रं एकमेकांची वाक्यं तोडत बोलतात, एक शब्द हुकला की हशा हुकतो.

सबटायटल्स: इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी चालू ठेवा. जोडीदारासाठी लावली असं म्हणू नका, दोघांसाठी लावा. मलाही त्यांतूनच कितीतरी चिमटे पहिल्यांदा कळले.

४. चांगली प्रत मिळवा

ओटीटीवरची यादी दर महिन्याला बदलते, म्हणून कुठला सिनेमा कुठे आहे ते लिहून उपयोग नाही. जस्टवॉच या, कुठला सिनेमा कुठे आहे ते सांगणाऱ्या संकेतस्थळावर भारत निवडून नाव टाका. वर्गणीत नसला तर यूट्यूबवर किंवा ॲपल टीव्हीवर भाड्याने मिळतो का ते पाहा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, फुकटच्या प्रती. काही सिनेमांवर अमेरिकेत स्वामित्वहक्क उरलेला नाही. ‘शराड’च्या (१९६३) प्रतींवर हक्काची सूचना नीट छापायची राहिली, ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या (१९४०) हक्काचं नूतनीकरण झालं नाही. त्यामुळे त्यांच्या असंख्य प्रती नेटवर फिरतात आणि बऱ्याच धुरकट, खरखरीत असतात. पॅरिसमधली ऑड्री हेपबर्न आणि केरी ग्रँट मळकट रंगात दाखवून कुणाला सिनेमाच्या प्रेमात पाडता येत नाही. पहिली दहा मिनिटं आदल्या दिवशी एकट्याने तपासा आणि जीर्णोद्धार केलेली प्रत शोधा.

दुसरा, मागाहून रंगवलेल्या प्रती. ऐंशीच्या दशकात कृष्णधवल सिनेमे संगणकाने रंगवायची टूम निघाली होती आणि त्या प्रती अजूनही मिळतात. त्या काळातले छायाचित्रकार प्रकाश आणि सावलीने चेहरा घडवत. वरून रंग चढवला की ते काम झाकलं जातं. घ्यायची ती मूळ कृष्णधवल प्रतच.

तिसरा, परदेशी डिस्क. अमेरिकेतले नातेवाईक प्रेमाने डीव्हीडी आणतात आणि ती इथे चालत नाही. डीव्हीडीसाठी अमेरिकेचा विभाग १ आहे आणि भारताचा ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी. मागवण्याआधी डिस्कच्या पाठीवर विभाग पाहा, किंवा सगळे विभाग चालवणारा प्लेअर घ्या.

५. सुरू करण्याआधी दोन मिनिटं बोला

दोनच मिनिटं. दिग्दर्शकाचं चरित्र नको. जे माहीत नसेल तर प्रसंग कळणार नाही, तेवढंच सांगा.

उदाहरण ‘कासाब्लांका’चं (१९४२). वर्ष १९४१. फ्रान्स जर्मनीपुढे पडला आहे. मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि तिथलं फ्रेंच सरकार जर्मनांच्या दबावाखाली आहे. नाझींपासून पळालेली माणसं कासाब्लांकात अडकली आहेत. तिथून लिस्बन आणि लिस्बनहून अमेरिका, अशी त्यांची आशा. बास. आणि वाटलं तर एवढं जोडा: पडद्यावरचे कितीतरी कलाकार स्वतःच नाझींपासून सुटून आलेले होते. नाझी मेजर रंगवणारा कॉनराड फाइट जर्मनी सोडून आलेला, त्याची बायको ज्यू होती. ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना जिचे डोळे भरून येतात ती मॅडलिन लेबो फ्रान्समधून निसटलेली होती. हे माहीत असलेल्या माणसाला तो प्रसंग वेगळाच दिसतो. माझ्या नवऱ्याने नंतर तो पुन्हा मागे नेऊन पाहिला.

दुसरी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे सेन्सॉरची. स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली १९३०ची. तिची कडक अंमलबजावणी १९३४च्या मध्यापासून सुरू झाली आणि १९६८ साली तिची जागा वयानुसार वर्गवारीने घेतली. म्हणून नवरा-बायकोचे पलंग वेगळे दिसतात. म्हणून गुन्हेगाराला शेवटी शिक्षा होतेच. लांब चुंबन चालत नसे, तेव्हा रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने ‘नोटोरियस’मध्ये (१९४६) इन्ग्रिड बर्गमन आणि केरी ग्रँटला मध्ये मध्ये थांबून बोलायला लावलं आणि प्रसंग हवा तेवढा लांबवला. दोन फुलं एकमेकांना टेकताना पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला ही अडचण आणि तिच्यातून काढलेली वाट पटकन उमगते. हे एकदा कळलं की ‘काय भाबडे लोक होते’ असं न वाटता, न दाखवता किती सांगितलंय ते शोधायची गंमत सुरू होते.

६. सिनेमा चालू असताना

- श्रेयनामावली टाळू नका. तेव्हा नावं सुरुवातीलाच येत आणि संगीत तिथेच मन तयार करतं. ‘स्किप इंट्रो’ला हात लावू नका.
- ‘आता बघ, आता बघ’ म्हणू नका.
- आवडतं वाक्य पात्राच्या आधी म्हणू नका.
- जोडीदाराच्या चेहऱ्याकडे सारखं पाहू नका. आपल्याला तपासलं जातंय असं वाटलं की माणूस मोकळेपणाने हसत नाही.
- प्रश्न आला तर सिनेमा थांबवून उत्तर द्या, मग पुढे चला.
- डोळा लागला तर उठवू नका. उरलेला उद्या.

७. संपल्यावर

‘आवडला का?’ हा प्रश्न नको. त्याला ‘हो, चांगला होता’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘तू तिच्या जागी असतास तर गेला असतास का?’ असं काहीतरी विचारा. वहीत तारीख, सिनेमाचं नाव आणि दोघांचं एकेक वाक्य लिहा. न पटलेलंही लिहा. पुढचा सिनेमा निवडताना ही वही कोणत्याही समीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडते. आमच्या वहीवरूनच मला कळलं की नवऱ्याला ‘सम लाइक इट हॉट’मध्ये कथेपेक्षा त्यातला नट जॅक लेमन आवडला होता. मग ‘द अपार्टमेंट’ (१९६०) ओघानेच आला, आणि तो त्याला माझ्यापेक्षा जास्त भावला.

८. एक तुमचा, एक त्याचा

हे पाळलं नाही तर बाकी सगळं फुकट जातं. तुमच्या निवडीनंतरची संध्याकाळ जोडीदाराची. क्रिकेटचा जुना सामना, दक्षिणेतला मारधाडीचा सिनेमा, संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग, जे असेल ते. आणि फोन तेव्हाही दुसऱ्या खोलीतच. नवऱ्याच्या पाळीत मी गाण्यांचे कितीतरी जुने सिनेमे मन लावून पाहिले. त्यामुळेच ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) दाखवायचं सुचलं. मूकपट जाऊन बोलपट येतानाची धांदल, आणि एका नटीला दुसरीने दिलेला उसना आवाज. पार्श्वगायिकांची नावं आदराने घेणाऱ्या माणसाला, हॉलिवूडमध्ये हे काम किती काळ पडद्याआड ठेवलं गेलं याचं फार वाईट वाटलं. ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं, हे मी सांगितल्यावर आमचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललं.

९. थोडं रुळल्यावर

आता हिचकॉक. ‘रिअर विंडो’पासून (१९५४) सुरुवात करा. पाय मोडून घरी बसलेला छायाचित्रकार खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडांकडे पाहतो. चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्या माणसाला हे पाहणं सांगावं लागत नाही. नवरा-बायकोने एकत्र पाहावा असा याहून चांगला रहस्यपट मला माहीत नाही: प्रत्येक खिडकीत संसाराची किंवा एकटेपणाची एकेक तऱ्हा आहे, आणि खिडकीच्या अलीकडे जेम्स स्ट्युअर्ट आणि ग्रेस केली यांचं लग्न होणार की नाही हा वाद चालू आहे.

याच टप्प्यावर खटकणाऱ्या गोष्टीही समोर येतील. त्या लपवू नका. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये (१९६१) मिकी रूनीने जपानी शेजाऱ्याचं केलेलं विडंबन आज पाहवत नाही. ‘गंगा दीन’मध्ये (१९३९) आपला भिश्ती तोंडाला रंग फासलेला न्यूयॉर्कचा नट सॅम जॅफी आहे. ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएल या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार, त्याच समारंभात त्यांना इतर कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. जोडीदाराला राग आला तर सिनेमाची वकिली करू नका. तो राग रास्त आहे.

१०. घराबाहेर पडा

एकदा तरी जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या हशात पाहा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि आशय फिल्म क्लब, मुंबईत प्रभात चित्र मंडळ आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन, यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. मुंबईत असाल तर मेट्रो चित्रपटगृहावरून जाताना ती इमारत जोडीदाराला दाखवा. १९३८ साली ती खुद्द एमजीएम स्टुडिओने आपले सिनेमे दाखवायला बांधली होती.

जाताना ओळखपत्र सोबत ठेवा, काही ठिकाणी दारात विचारतात. जागा बहुधा आधी येणाऱ्याला मिळते, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा. सभासद व्हायचं असेल तर दोघांच्याही नावाने व्हा, म्हणजे कार्यक्रमाचा निरोप दोघांच्याही फोनवर येईल आणि ‘या वेळी हा पाहू’ म्हणायची संधी जोडीदारालाही मिळेल.